उचलीवर पीएचडी करायचीय, पण सर्व्हेचे पैसे कोण देणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठवाड्यातल्या एका राज्य विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय ऊसतोड कामगारांची उचल (हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली आगाऊ रक्कम) आणि कर्जबाजारीपणा, नेट झालीय पण जेआरएफ (नेटमधल्या वरच्या गुणांवर मिळणारी फेलोशिप) थोडक्यात हुकली, गाइड म्हणतात फील्डवर्क करावंच लागेल, आणि सर्व्हेला खिशात पैसे नाहीत. ‘फंडिंग कुठून मिळेल, प्रपोजल कसं लिहायचं, एखादा तयार फॉरमॅट असेल तर द्या.’

तयार फॉरमॅट देत नाही, कारण फॉरमॅट प्रत्येक जाहिरातीसोबत येतोच आणि त्याच्यामुळे कुणाचं प्रपोजल पडलेलं मी अजून पाहिलं नाही. पडतं ते आतल्या गोष्टींमुळे. मी गाइड म्हणून मुलांची प्रपोजलं पाठवते आणि परीक्षक म्हणून दुसऱ्यांची वाचते, त्यामुळे दोन्हीकडून काय दिसतं ते सांगते. विद्यार्थी आहेस म्हणून अरे-तुरे करतेय, चालवून घे.

पहिल्यांदा एक घोळ मिटवू. ‘फंडिंग’ म्हणताना तू दोन वेगळे पैसे एकत्र करतोयस. एक असतात जगायचे पैसे, म्हणजे फेलोशिप, खोलीभाडं मेस वगैरे. दुसरे कामाचे पैसे, म्हणजे गावोगाव फिरणं, एन्युमरेटर (घरोघरी प्रश्नावली भरणारी माणसं), जीप, डेटा. आपल्याकडच्या बहुतेक योजना पहिल्या प्रकारच्या आहेत आणि मुलं समजतात की ती मिळाली की सर्व्हे पण होईल, तसं होत नाही. जेआरएफचंच घे, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ (सीनियर फेलो) झाल्यावर ४२,०००, बरी रक्कम आहे, पण सामाजिक शास्त्रांना कंटिन्जन्सी (किरकोळ खर्चाची रक्कम) पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००. त्या दहा हजारात झेरॉक्स, पुस्तकं, एखादी कॉन्फरन्स, संपलं. म्हणजे तुझी जेआरएफ झाली असती तरी हा प्रश्न उरलाच असता. अमेरिकेत एनएसएफ या सरकारी संस्थेच्या डॉक्टोरल डिसर्टेशन ग्रँटमध्येसुद्धा गाइड पीआय (मुख्य संशोधक), विद्यार्थी को-पीआय, आणि विद्यार्थ्याचा स्टायपेंड सहसा त्यात धरता येत नसे, फक्त कामाचा खर्च. तिकडे ही विभागणी सरळ कागदावर होती, आपल्याकडे ती आपणच डोक्यात करायची.

जगायच्या पैशांचं पटकन सांगते. वय बसत असेल तर जेआरएफसाठी परत बस, लाज बाळगू नकोस. आयसीएसएसआरची (सामाजिक शास्त्रांना पैसे देणारी केंद्राची संशोधन परिषद) डॉक्टोरल फेलोशिप आहे, महिना २०,००० आणि वर्षाला २०,००० कंटिन्जन्सी, जेआरएफपेक्षा कमी पण अर्थशास्त्रवाल्यांना हक्काची जागा. राज्यात बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय, आणि खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी अमृत. केंद्राच्या एससी आणि ओबीसी नॅशनल फेलोशिप वेगळ्या. एकुलती एक मुलगी असेल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे, ही कितीतरी मुलींना माहीतच नसते. एकावेळी दोन घेता येत नाहीत, तसं लिहून द्यावं लागतं. आणि राज्याच्या संस्थांचे पैसे वेळेवर येतील या भरवशावर घरभाड्याचा करार करू नये, पीएचडीची मुलं आझाद मैदानात का बसतात ते तुला वेगळं सांगायला नको.

बाहेरच्या योजनांबद्दल मुलं उत्साहाने विचारतात. फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल रिसर्च चांगली आहे, ६ ते ९ महिने अमेरिकेत, भारतातल्या संस्थेत पीएचडीला नोंदणी हवी. कॉमनवेल्थची स्प्लिट-साइट शिष्यवृत्ती आहे, त्यात एक वर्ष ब्रिटनमध्ये. पण दोन्हींमध्ये बीडच्या धारूर-वडवणीत सर्व्हे करायचे पैसे मिळत नाहीत, मिळतो तो तिकडे बसून डेटावर काम करायला वेळ आणि चांगला सुपरवायझर, म्हणजे डेटा हातात आल्यानंतरची गोष्ट. शिकागो विद्यापीठाचा वाइस फंड विकास-अर्थशास्त्रातल्या फील्डवर्कला पैसे देतो, मात्र आधी पात्रतेची यादी वाच, अर्धा महिना प्रपोजल लिहून मग आपलं विद्यापीठ त्यात बसत नाही हे कळलं तर वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट. परीक्षकाच्या टेबलावर एका वेळी पंचवीस-तीस प्रपोजलं असतात आणि त्यातल्या निम्म्यांचं शीर्षक एकच असतं, ‘अमुक कामगारांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास, विशेष संदर्भ तमुक जिल्हा’. उद्दिष्ट एक, स्थितीचा अभ्यास करणे. उद्दिष्ट दोन, समस्यांचा अभ्यास करणे. उद्दिष्ट तीन, उपाययोजना सुचवणे. गृहीतक: कामगारांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे. मग काय-स्क्वेअर चाचणी. अरे बाबा, त्यांची स्थिती हलाखीची आहे हे शासनाला, कारखान्याला, मुकादमाला आणि मला पण माहीत आहे, ते सिद्ध करायला कोण कशाला पैसे देईल? मी प्रत्येक प्रपोजल एकाच प्रश्नाने वाचते: हे पैसे दिले नाहीत तर नेमका कोणता आकडा आपल्याला कधीच कळणार नाही? हा आकडा पहिल्या पानावर दिसला की पुढची पानं मी लक्ष देऊन वाचते, नाही दिसला तर परिशिष्टं चाळून बाजूला.

तुझ्या विषयात तो आकडा काढता येतो, खरं तर विषय मस्त आहे. तू पाठवलेल्या मसुद्यात ‘उचलीमुळे कामगार कर्जाच्या चक्रात अडकतो’ असं लिहिलंयस. अडकतो म्हणजे काय होतं ते मोजता येईल असं लिही. हंगाम संपताना न फिटलेली उचल किती, ती पुढच्या हंगामात ओढली जाते का, ओढली गेली तर तो कोयता (बाहेरच्या वाचकांसाठी, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) त्याच मुकादमाकडे राहतो का, आणि राहिला तर त्याला बाजारात चालू असलेल्यापेक्षा कमी उचल मिळते का. यातला शेवटचा प्रश्न खरा अर्थशास्त्राचा आहे, कारण त्यात मुकादमाची मक्तेदारी आहे की नाही हे कळतं. उचल ही फक्त व्याजाशिवायची अडीअडचणीची मदत आहे की मजुरी दाबून ठेवायचं साधन आहे, यावर लोक हिरीरीने बोलतात, बाजू घेतात, पण कोयत्यागणिक सलग तीन हंगामांचा हिशेब टेबलावर ठेवलेला मला क्वचित दिसतो.

मग पुढचा प्रश्न येतो, कारण आणि परिणाम वेगळे कसे करणार. जास्त उचल घेणारे लोक मुळातच जास्त अडचणीतले असतात, घरात लग्न, आजारपण, बोअर फेल गेलेली. त्यांची मजुरी कमी दिसली तर ती उचलीमुळे की अडचणीमुळे? इथे बहुतेक मुलं ‘मल्टिपल रिग्रेशन करण्यात येईल’ लिहून मोकळी होतात. त्याऐवजी एखादा बाहेरून आलेला धक्का शोध. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, आणि तो करार हंगाम अर्धा संपल्यावर झाला, म्हणजे उचल आधीच वाटून झाली होती. हे तुझ्यासाठी सोनं आहे. दर वाढल्यावर जुनी उचल लवकर फिटली का, आणि पुढच्या हंगामाची उचल वाढली का कमी झाली? पण लगेच परीक्षक विचारणार की दर सगळ्यांचाच वाढला, मग तुलना कुणाशी? त्याचं उत्तर प्रपोजलमध्येच हवं. त्याच भागातून कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणारे कोयते आहेत, वीटभट्टीला जाणारी घरं आहेत, त्यांच्याशी तुलना होऊ शकते. ती पण निर्दोष नाही, महाराष्ट्रात दर वाढला की कर्नाटकवालेही माणसं टिकवायला हात सैल सोडतात, तर फरक खरा आहे त्याच्यापेक्षा कमी दिसेल. हे स्वतःहून लिही. मुलांना वाटतं कच्चा दुवा दाखवला की मार्क जातात, माझ्याकडे तरी उलटं होतं, ज्याने आपला कच्चा दुवा ओळखलाय त्याला फील्डवर पाठवायला भीती वाटत नाही.

त्यानंतर, हा डेटा आधीच कुठे नाही ना, हे दाखवावं लागतं. हा भाग मुलं साहित्याचा आढावा समजून पंचवीस थीसिसची नावं टाकतात. तसलं नको. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर पीएलएफएस (रोजगाराचा सर्व्हे), उपभोग खर्च, कर्ज आणि गुंतवणुकीचा सर्व्हे, सगळ्यांचा युनिट लेव्हल, म्हणजे घरागणिक डेटा फुकट आहे. जो अभ्यास त्यावर होतो त्याला कुणी सर्व्हेचे पैसे देणार नाही, आणि देऊही नयेत. म्हणून चार ओळी नेमक्या लिही की पीएलएफएसमध्ये २०१७-१८ पासून रोजगाराची स्थिती कळते पण मुकादम कोण, उचल किती, हे कळत नाही. २०१९ च्या कर्जाच्या सर्व्हेत घरावरचं कर्ज येतं पण कोणत्या हंगामाची उचल किती फिटली आणि किती ओढली हा हिशेब निघत नाही. इक्रिसॅट ही हैदराबादजवळची शेती संशोधन संस्था सोलापूरच्या शिरापूर, कळमणसारख्या गावांत १९७५ पासून, मधली काही वर्षं सोडून, घरं पाहत आलीय, तो खजिना आहे, पण तुझी गावं आणि तुझा प्रश्न त्यात नाही. एवढं लिहिलं की सर्व्हे का लागतो ते आपोआप सिद्ध झालं. आणि तुला स्वतःलाही एकदा तपासून बघता येईल की प्रश्न थोडा बदलला तर फुकटच्या डेटावर होतोय का, होत असेल तर बेस्ट, फंडिंगच्या मागे धावायलाच नको.

नमुना. ‘साध्या यादृच्छिक पद्धतीने ६०० कुटुंबं निवडण्यात येतील.’ कशातून निवडणार? यादी कुठेय? ऊसतोड कामगारांची पूर्ण यादी कुठल्याच टेबलावर तयार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं झाली, ती यादी सुरुवातीला उपयोगी पडेल, पण ज्याचं नाव राहिलं तोच बहुतेक सगळ्यात अडलेला असतो, म्हणजे यादीच तिरकी. तेव्हा गावं निवड, आणि प्रत्येक गावात आधी घरयादी कर: दारोदारी जाऊन एवढंच विचारायचं की गेल्या तीन हंगामांत घरातून कोण तोडीला गेलं. मग त्यातून घरं काढ.

आता ६०० च का? मी विचारलं की मुलं म्हणतात गाइडनी सांगितलं. याचं गणित अर्ध्या पानात होतं. समज ४० गावं, प्रत्येकी १५ घरं, तुलनेचे दोन गट गावाच्या पातळीवर, प्रत्येक गटात ३०० घरं. एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात, तोच मुकादम, तोच कारखाना, म्हणून ३०० घरांतून ३०० घरांइतकी माहिती मिळत नाही. गावातल्या घरांचा आपसातला संबंध ०.०५ धरला तर डिझाइन इफेक्ट १ + १४ × ०.०५, म्हणजे १.७. ३०० भागिले १.७, उरली साधारण १७६ घरं. नेहमीची ५ टक्के सिग्निफिकन्स पातळी आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून तुला पकडता येईल असा सगळ्यात लहान फरक २.८ गुणिले वर्गमूळात २ भागिले १७६, म्हणजे ०.३० स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). उचलीचं स्टँडर्ड डेव्हिएशन समज ४०,००० असेल तर १२,००० रुपयांचा फरक दिसेल, ५,००० चा दिसणार नाही. पैसे कमी पडले आणि गावं निम्मी केलीस, २० गावं ३०० घरं, तर हाच आकडा ०.४२ होतो, म्हणजे १७,००० च्या आतबाहेर. हे लिहिलंस की समितीला कळतं की बजेट निम्मं केलं तर नेमकं काय गमावलं जाईल, आणि मग समित्या उगाच ‘३० टक्के कमी करून मंजूर’ असं करत नाहीत, किंवा केलं तरी तुझ्याकडे उत्तर असतं. त्याच ६०० घरांत गावं वाढवून ६० केली, प्रत्येकी १०, तर फरक ०.२७-०.२८ वर येतो, पण जीपचा आणि घरयादीचा खर्च वाढतो. ही ओढाताण बजेटमध्ये दिसली पाहिजे.

बजेटकडे येऊ. मुलांचं बजेट कसं असतं तर प्रवास ५०,०००, स्टेशनरी २०,०००, डेटा एन्ट्री ३०,०००, इतर २५,०००. सगळे गोल आकडे, आणि डेटा एन्ट्री २०११ सालची, आता कोबो टूलबॉक्स या अॅपवर फोनमध्येच फॉर्म भरतात, एन्ट्री वेगळी लागतच नाही. त्याऐवजी कामावरून खर्च काढ. दर मी उदाहरणाला धरतेय, तुझ्या भागातले तू टाक. सव्वा तासाची मुलाखत, एक एन्युमरेटर दिवसाला चार करतो. ६०० घरं म्हणजे १५० माणूस-दिवस, घरी कुणी भेटलं नाही म्हणून परत जाण्याचे ३० धर, झाले १८०. दिवसाचं मानधन १,००० आणि राहणं-जेवण ४००, म्हणजे २,५२,०००. चार जणांची टीम एका जीपमध्ये, ४५ दिवस, दिवसाला २,५००, म्हणजे १,१२,५००. तीन दिवसांचं प्रशिक्षण १६,८००. तीस घरांचा पायलट (मुख्य सर्व्हेआधीची छोटी चाचणी) १६,२००. आणि जे ९० टक्के मुलं विसरतात ती घरयादी: ४० गावं, गावाला एका माणसाचे दोन दिवस, ८० दिवस, १,१२,०००. बेरीज ५,०९,५००. पाहिलंस ना, दर पाच रुपयांतल्या एकाहून जास्त पैसा नुसती यादी करण्यात गेला. ज्याच्या बजेटमध्ये घरयादी नाही त्याने यादी केलेली नसणार, मग तो घरं निवडणार कशी, तर सरपंच दाखवील ती. बजेटचा तक्ता वाचून परीक्षकाला हे सगळं समजतं, मेथडॉलॉजीचं प्रकरण न वाचता.

पाच लाख एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला एका ठिकाणाहून मिळणं कठीण, हे मान्य. म्हणून तुकडे कर. गाइडच्या नावावर आयसीएसएसआरचा मायनर किंवा मेजर रिसर्च प्रोजेक्ट टाकायला सांग, त्याचा सर्व्हे तुझ्या थीसिसला कामाला येतो, फक्त डेटा कुणाचा आणि पेपरवर नाव कुणाचं हे आधीच लेखी ठरव, इथे भल्याभल्यांचे संबंध बिघडलेत. विद्यापीठांकडे स्वतःचं थोडं संशोधन अनुदान असतं, त्यात पायलट आणि घरयादी बसते. मुंबईला कलिनात आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, ते पीएचडीच्या मुलांना लायब्ररीत काम करायला स्टडी ग्रँट देतं, छोटी रक्कम पण साहित्याचा भाग त्यात निघतो. त्याच्या इमारतीला शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांचं नाव आहे. १९६९ ला आयसीएसएसआर सुरू झाली तेव्हा ते सदस्य-सचिव होते आणि पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, म्हणजे तेच गाडगीळ जे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचेही पहिले अध्यक्ष. तुझ्या विषयाला याहून घरचा फंडर कुठला मिळणार. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी पण गाडगीळांच्याच नावाची, सहकारी साखर कारखानदारीवर लिहायचंय आणि तिथे गेला नाहीस असं होऊ देऊ नकोस.

वेळापत्रकाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुझ्या मसुद्यात मला सगळ्यात मोठा घोटाळा तिथे दिसला. गँट चार्ट (कोणतं काम कोणत्या महिन्यात याचा तक्ता) सुंदर काढलायस, आणि त्यात लिहिलंयस फील्डवर्क डिसेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरला गावात असणार कोण? दसरा-दिवाळीच्या आसपास गाड्या भरून लोक गेलेले असतात ते मार्च-एप्रिलला परततात, मधल्या काळात गावात म्हातारी माणसं, शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं आणि जे गेलेच नाहीत ते. तू त्या वेळी दारोदारी गेलास तर तुझ्या नमुन्यात ऊसतोड कामगारच नसतील. एकतर एप्रिल ते सप्टेंबर गावात कर, नाहीतर हंगामात कारखान्याच्या परिसरात कोप्यांवर (कामगारांच्या झोपड्यांवर) जा. कोप्यांवर गेलास तर दोन गोष्टी बदलतात. लोक पहाटे अंधारात फडात जातात, गाडी भरून देईपर्यंत संध्याकाळ होते, बायका त्यानंतर चूल पेटवणार, सव्वा तासाची प्रश्नावली तिथे चालणार नाही, वीस-पंचवीस मिनिटांची वेगळी करावी लागेल. आणि एन्युमरेटर दिवसाला चार नाही, दोन करेल, बजेट बदललं. गावात मे-जूनमध्ये केलंस तर हिशेब ताजा असतो, फिटली किती आणि अंगावर किती राहिली हे लोकांना रुपयापर्यंत पाठ असतं. जुलैनंतर नवी उचल वाटायला सुरुवात होते, तेव्हा जुन्या-नव्या उचलीची सरमिसळ होते, पण नवी उचल पकडायची असेल तर तेव्हाच जावं लागेल. म्हणजे दोन फेऱ्या, मे-जूनची मोठी आणि सप्टेंबरला फोनवर छोटी. हे सगळं प्रपोजलमध्ये लिही. मंजुरीपत्र आणि पैसे यांच्यात काही महिने जातात हे धरून पुढच्या मे महिन्याची तयारी आत्ता चालू कर, पैसे ऑक्टोबरला आले म्हणून ऑक्टोबरलाच सर्व्हे असं करू नकोस.

एथिक्सचा परिच्छेद ‘उत्तरदात्यांची संमती घेतली जाईल, गोपनीयता पाळली जाईल’ एवढ्यावर संपतो सगळ्यांचा. तुझ्या विषयात त्याने भागणार नाही. मुकादम शेजारी उभा असताना घेतलेली संमती ही संमती नाही. मुलाखत घरात, नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी, कारण उचल दोघांच्या अंगावर असते पण घेतो सहसा तोच, आणि ती बुडवून कुणी निघून गेला तर पुढे काय होतं ते तुला माहीत आहे. कोण कुठल्या मुकादमाकडे किती देणं लागतो ही यादी चुकीच्या हातात पडली तर माणसाला मार बसू शकतो, त्यामुळे नावं आणि उत्तरं वेगळ्या फाइलींत, किल्ली तुझ्याकडे, एन्युमरेटर त्याच गावातला नको. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये खूप गाजला, तेव्हापासून प्रत्येक प्रश्नावलीत तो एक प्रश्न घुसडलेला असतो. तुझ्या प्रश्नाला लागत नसेल तर काढून टाक. लागत असेल तर तो बाईनेच बाईला विचारायचा आणि त्याच्यासाठी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. तुमच्या विद्यापीठात कमिटी फक्त फार्मसी-बायोटेकपुरती असेल तर विभागप्रमुखांकडून आत्ताच पत्र टाक, परदेशी फंडर तिच्याशिवाय पुढचं पान उलटत नाही.

कागदपत्रांत दोन-तीन गोष्टी. रजिस्ट्रेशनवरचं शीर्षक आणि प्रपोजलचं शीर्षक जुळलं पाहिजे. तुझं रजिस्टर झालेलं शीर्षक ‘सामाजिक-आर्थिक स्थिती, विशेष संदर्भ’ छापाचंच असणार, तर आरएसीमध्ये (पीएचडीवर देखरेख करणारी विद्यापीठाची समिती) उद्दिष्टं टोकदार करून घे, शीर्षक बदलायला वेळ लागतो पण उद्दिष्टं पटकन होतात. गाइडचं शिफारसपत्र तुलाच लिहायला सांगतील, लिही, पण ‘होतकरू व अभ्यासू विद्यार्थी’ नको, तुला स्टाटा किंवा आर हे सॉफ्टवेअर येतं, तू पीएलएफएसवर अमुक टेबल करून दाखवलंस, वडवणीत तीस घरांचा पायलट केलास, असं काहीतरी पडताळता येणारं त्यांच्या सहीने जाऊ दे. फॉरवर्डिंग लेटरवर कुलसचिवांची सही लागते आणि ती शेवटच्या दिवशी मिळत नसते.

पैसे मंजूर झाले की ते तुझ्या खात्यात येत नाहीत, विद्यापीठाच्या वित्त विभागात येतात. तिथून अॅडव्हान्स घ्यायचा, खर्च करायचा, बिलं लावायची, मग पुढचा अॅडव्हान्स. आता जीपवाला तुला जीएसटीचं बिल देणार आहे का? नाही. म्हणून वित्त विभागात जाऊन आधीच विचार की हातपावती कितीपर्यंत चालते, ५,००० च्या वर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही, एन्युमरेटरचं मानधन थेट खात्यावर, आणि हे त्यांच्याकडून लेखी घे, तोंडी सांगणाऱ्या बाबूंची बदली होते. दुसरा हप्ता पहिल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय येत नाही, नमुना १२-ए, त्यावर वित्त अधिकाऱ्याची सही, आणि मार्चमध्ये सगळं विद्यापीठ तीच सही घ्यायला रांगेत असतं. तुझी मोठी फेरी मे मध्ये आहे, म्हणजे पहिल्या हप्त्यात घरयादी आणि पायलट बसव, त्याचं यूसी फेब्रुवारीतच दे, दुसरा हप्ता एप्रिलपर्यंत हातात येण्याची आशा तरी राहील. प्रपोजलमध्ये हप्त्यांची मागणी पण अशीच लिही, ५०-५० न लिहिता.

मुलाखतीला बोलावलं तर दोन प्रश्न नक्की येतील, हे पीएलएफएसवर का होत नाही आणि घरं कशी निवडणार. तिसरा कुणीतरी विचारेल की याचा शासनाला काय उपयोग. तेव्हा ‘धोरणकर्त्यांना मार्गदर्शक ठरेल’ म्हणू नकोस. म्हण की उचल मजुरी दाबत असेल तर महामंडळाने बिनव्याजी हंगामी कर्ज देणं हा एक उपाय होतो, आणि दाबत नसेल तर त्याच पैशात दुसरं काही करावं, या दोन्हींतलं कोणतं ते माझा आकडा सांगेल.

नाकारलं गेलं तर कारणं मागव, कधी मिळतात कधी नाही, आणि तेच प्रपोजल नुसतं नाव बदलून दुसरीकडे टाकू नकोस, परीक्षक बऱ्याचदा तेच असतात, आम्ही मोजकेच लोक आहोत. त्याआधी पायलट करून घे. तीस घरं, दोन मित्र, एक मोटरसायकल, मे महिन्यात. उचलीचं खरं स्टँडर्ड डेव्हिएशन त्यातून अंदाजे निघेल आणि वर मी जे ४०,००० समज म्हणून धरलेत तिथे तुझा स्वतःचा आकडा टाकता येईल. तो टाकून, घरयादीसकट बजेट करून पाठव, मग बघते.